कोपऱ्यातला रिकामा खण

१

ऑरिन स्टोक्के पहिल्याच गोळीला गेला.

शिकारीचा हंगाम सुरू व्हायला आठवडा उरला होता. दरवर्षीप्रमाणे सगळा गाव नेमबाजीच्या मैदानावर रायफलींचा नेम जुळवून घ्यायला जमला होता. पत्र्याच्या शेडमध्ये पॅनकेक खाऊन झाले होते. उतारावरच्या गवतावर दहिवर गोठलेलं होतं आणि डोंगरांवर पहिला बर्फ पडला होता. ऑरिन तिसऱ्या बाकावर बसला, डबीतून काडतूस काढलं, रायफलीत सारलं, गाल टेकवला आणि चाप ओढला.

आर्डिस हेगस्टॅडच्या हातातला कॉफीचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला. गेली साठ वर्षं ती बंदुकीचे आवाज ऐकत आली होती. गोळी बाहेर गेल्याचा आवाज वेगळा असतो आणि आतच अडल्याचा वेगळा. हा दुसरा होता. माणसं ओरडायच्या आधीच तिला कळलं, की आता धावून काही उपयोग नाही.

रायफलीची मागची बाजू फुटली होती. लोखंडाचा एक तुकडा ऑरिनच्या डोळ्यातून आत गेला होता. त्याचा मुलगा एमेट गुडघ्यावर बसून बापाच्या चेहऱ्यावर टोपी धरून होता, कुणी बघू नये म्हणून.

बाकावर निळ्या प्लॅस्टिकची डबी उघडी पडली होती. वीस खणांची. एकोणीस काडतुसं जागच्या जागी आणि कोपऱ्यातला एक खण रिकामा. झाकणावर चिकटपट्टी होती, तिच्यावर गोल गोल अक्षरांत बंदुकीच्या दारूचं नाव, वजन आणि तारीख. खाली काडतुसं घरी भरणारीचं नाव: शेर्स्टी हेगस्टॅड.

शेर्स्टी आर्डिसची नात. येत्या जूनमध्ये तिचं एमेटशी लग्न ठरलेलं.

मैदानाची देखरेख करणारा क्लेल रॅडिगन वाकला. त्यानं डबी न हलवता पट्टी वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला.

"नवशिक्या हाताचं काम," तो म्हणाला. "काडतुसाच्या एकाच पुंगळीत दोनदा दारू घातली पोरीनं. दर हिवाळ्यात घसा कोरडा करून सांगतो मी."

सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या. शेर्स्टी शेडच्या दारात उभी होती. हातात पॅनकेकवर घालायच्या पाकाचं भांडं, आणि ते भांडं कुठं ठेवायचं हे तिला सुचत नव्हतं.

२

मंगळवारी शेरीफ लॉयल बाक्केन आर्डिसच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपी मांडीवर घेतली होती. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत आर्डिसनं त्याचे कान उपटले होते. पन्नाशीला आला तरी तो तिच्यासमोर पाठ ताठ करूनच बसे.

"उरलेली एकोणीस प्रयोगशाळेनं उघडून बघितली, आर्डिसकाकू. सगळी चोख. कणाकणानं सारखी."

"मग?"

"मग विसावंच तेवढं चुकलं. क्लेलनं लेखी दिलंय. जिल्ह्याचा सरकारी वकील म्हणतो, निष्काळजीपणानं मृत्यू. गुरुवारी आरोप ठेवणार." त्यानं टोपी फिरवली. "तुरुंग होऊ शकतो, काकू. मी आधी सांगावं म्हणून आलो."

"क्लेलशिवाय दुसऱ्या कुणाला विचारलंस?"

"त्याच्यासारखं जाणतं दुसरं कोण आहे?"

"मी आहे," आर्डिस म्हणाली. "पण मी आठवी शिकलेली बाई. तुझ्या कागदावर माझी सही शोभायची नाही. कॉफी संपव आणि ऊठ."

तो गेल्यावर तिनं त्याचा पेला धुऊन पालथा घातला.

शेर्स्टीला घरी काडतुसं भरायचा हा नाद फेब्रुवारीत लागला. आधी ती क्लबात क्लेलच्या वर्गाला गेली. क्लेलनं पहिल्याच दिवशी विचारलं, शिवणाचा वर्ग पलीकडच्या खोलीत आहे, चुकून आलीस का. पोरगी चार रविवार दात आवळून बसली आणि पाचव्या रविवारी आजीच्या तळघरात आली. म्हणाली, "आजी, तू शिकव." आर्डिसनं दोन महिने तिला फक्त वापरलेल्या पुंगळ्या पुसायला लावल्या. पोरगी तोंडातून ब्र न काढता पुसत राहिली, तेव्हा कुठं तिला काडतुसं दाबून भरायच्या प्रेसच्या दांड्याला हात लावू दिला.

तळघरातल्या त्या बाकाचे नियम आर्डिसच्या नवऱ्यानं, नॉर्व्हलनं घालून दिलेले होते. तो जाऊन अकरा वर्षं झाली तरी नियम तेच. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम चालू असताना बोलायचं नाही, रेडिओ नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. भरलेली प्रत्येक पुंगळी दिव्याखाली धरून आत बघायचं. आणि दुसऱ्यासाठी काडतुसं भरलीस, तर त्यातलं पहिलं आपल्या हातानं, आपल्या गालाशी रायफल धरून उडवायचं. मगच डबी द्यायची.

हे नियम पोरीनं पाळले असतील. पण त्या दिवशी कपाटातून दारूचा डबा काढून तिच्या हातात कुणी दिला होता?

आर्डिसनं.

आणि आर्डिसला दिसत नव्हतं. वर्षभर दोन्ही डोळ्यांवर दुधासारखी साय चढत होती. ही गोष्ट तिनं देवालासुद्धा सांगितली नव्हती. जिना पावलांनी मोजून उतरायचा, किराणा वासानं ओळखायचा, माणसं आवाजानं. आजवर निभावलं होतं.

ती तळघरात उतरली. कपाट उघडलं. वरच्या फळीवर हात फिरवला. एक डबा रायफलीच्या मंद जळणाऱ्या दारूचा. त्याच्याशेजारी दुसरा डबा हाताला लागला. तेच माप, तेच झाकण. नॉर्व्हलच्या छऱ्याच्या बंदुकीची जुनी, झटकन पेटणारी दारू. रायफलीच्या पुंगळीत ती गेली तर रायफल फुटलीच.

तो डबा अर्धा रिकामा होता. कधीपासून, ते तिला आठवेना.

३

"शेर्स्टी, खाली ये. दिवा लाव."

पोरगी आली. चार दिवसांत तिचा आवाज निम्मा झाला होता. एमेट फोन उचलत नव्हता.

"हे दोन डबे. त्या दिवशी मी यातला कुठला दिला?"

"डावीकडचा. नाव वाचून दिलास की तू."

"वाचून नाही दिला," आर्डिस म्हणाली. "मला वाचता येत नाही आता. तुझं तोंड मला दिसत नाही, पोरी. पांढरा डाग दिसतो. मी हाताला लागला तो डबा दिला. चूक असेल तर ती माझी आहे आणि उद्या मी लॉयलला तसं सांगणार आहे. तू मध्ये बोलायचं नाहीस."

तळघरात फक्त पाण्याच्या टाकीचा आवाज येत होता. मग शेर्स्टी हळूच म्हणाली, "आजी, मी वाचलं होतं ना. पट्टीवर नाव लिहायचं म्हणून डब्यावरूनच उतरवून घेतलं. आणि एकोणीस चोख निघालीत."

"मापाच्या नळीत आधीची दारू राहिली असेल तर? आठवड्यापूर्वी मी नळीला हात लावला होता. तळाशी चिमूटभर राहिली असेल, तर ती पहिल्या पुंगळीत जाते. म्हणून तर तुझे आजोबा म्हणायचे, पहिलं स्वतः उडव. दुसऱ्याच्या तोंडावर आपली चूक फुटू नये म्हणून." आर्डिसनं चाचपत पोरीचं मनगट धरलं. "खरं सांग. पहिलं उडवलंस का? मी त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे होते. मला ठाऊक नाही. शपथबिपथ नको, नुसतं सांग."

"उडवलं. ओढ्याच्या काठावर."

"आणि पुंगळी?"

"बरणीत."

खिडकीच्या कट्ट्यावर लोणच्याची एक मोठी काचेची बरणी असे. या घरात भरलेल्या प्रत्येक खेपेची पहिली, उडवलेली पुंगळी तिच्यात पडे. प्रत्येकीत कागदाची सुरळी, तारखेची. सर्वांत तळाशी नॉर्व्हलची, लग्नाच्या वर्षाची.

आर्डिसनं बरणीत हात घातला. वरचीच पुंगळी बोटांना लागली. तिनं ती नाकाशी धरली. काजळीचा वास अजून ताजा होता. सुरळी उलगडून तिनं पोरीपुढे केली.

"वाच."

"गेला गुरुवार. 'ऑरिनकाकांच्या वीसपैकी पहिली.'"

आर्डिस स्टुलावर बसली. पहिली निर्धोक उडाली म्हणजे नळी स्वच्छ होती. बाकीची चोख होती. म्हणजे ती चुकली नव्हती आणि पोरगीही नाही.

"वीसपैकी म्हणजे?"

"ऑरिनकाकांनी मला स्वतःच्या वापरलेल्या वीस पुंगळ्या दिल्या होत्या. मोजून. यातूनच भर म्हणाले, माझ्या रायफलीला सवयीच्या आहेत. त्याशिवाय आपल्याकडे त्या मापाची एकही पुंगळी नाही. आजी, काय झालं?"

आर्डिस बोटांवर काहीतरी मोजत होती. मोजून झालं, तरी तिनं बोटं मिटली नाहीत.

"गाडी काढ," ती म्हणाली. "नोरीनकडे जायचंय. भांड्यात बटाटे आणि खिमा घाल, वर चीज टाक. दुखवट्याच्या घरी हात हलवत गेले तर लोक मला खातील."

४

शेर्स्टी गाडीतच बसून राहिली. ऑरिनची बायको नोरीन दार उघडून उभी होती. रडून रडून तिचा आवाज जाड झाला होता.

"तिला आत आणू नका, आर्डिसकाकू. माझ्यानं बघवणार नाही."

"नाही आणत. भांडं घे, गरम आहे. दोन प्रश्न विचारते आणि जाते. ती डबी पोरीनं तुझ्याच हातात दिली ना?"

"गुरुवारी संध्याकाळी. ऑरिन गुरांकडे होता. दारातच देऊन गेली, लाजत होती. मी ती त्याच्या गाडीत ठेवली."

"उघडली होतीस?"

"मला काय करायचंय बंदुकीचं?"

एमेट स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसला होता. बोलला तेव्हा त्याच्या आवाजात धार होती. "आजी, आता हे विचारून काय मिळणार? बाबा परत येणार आहेत?"

"नाही येणार. पण जी पोरगी तुझ्यासाठी गाडीत रडते आहे, तिच्या हातानं ते गेले की दुसऱ्या कुणाच्या, हे तुला जन्मभर पुरेल. मला सांग, डबी कुणी उघडली?"

एमेटचा आवाज मऊ झाला, आणि मऊ झाला म्हणूनच ऐकवेना.

"बाबांनीच. शनिवारी सकाळी गाडीत. मी चालवत होतो. झाकण उघडून हसायला लागले. म्हणाले, कोपऱ्यातला खण रिकामा आहे. एमेट, बायकोला वीसपर्यंत मोजायला शिकव लग्नाआधी." त्यानं डोळे पुसले असावेत, बाहीचा आवाज आला. "माझ्याशी बोललेली शेवटची थट्टा ती."

आर्डिसच्या हाताखालचं टेबल थंडगार लागलं.

"खण रिकामा होता. नक्की?"

"मी स्वतः बघितला."

"मग मैदानावर पोचल्यावर डबी कुठं ठेवली?"

"क्लेलकाकांच्या टेबलावर. क्लबचा नियम आहे ना. नाश्ता होईपर्यंत सगळ्यांची काडतुसं त्यांच्या ताब्यात. तासभर तिथंच होती."

"एमेट, तुझ्या बापानं एकच गोळी उडवली. त्यानंतर डबीत किती उरली होती?"

"एकोणीस. सगळ्यांनी बघितली. वीसातली एक..." तो थांबला.

घड्याळ टिकटिकत होतं. मग एमेटची खुर्ची मागे सरकली आणि तो जे बोलला ते जवळजवळ श्वासानंच.

"अठरा उरायला हवी होती."

नोरीनच्या हातातलं भांडं टेबलावर आदळलं. "देवा," ती म्हणाली. "सोमवारी तो शिकार खात्याच्या साहेबाकडे जाणार होता. क्लेलबद्दल सांगायला."

५

नोरीननं सांगितलं ते असं. वसंतात ऑरिन वरच्या कुरणात वासरं शोधत होता. तेव्हा त्यानं बघितलं, की क्लेल शहरातल्या एका श्रीमंत पाहुण्याला घेऊन आला आणि त्या पाहुण्यानं पिल्लं असलेली अस्वलीण मारली. हंगाम नसताना. क्लेल तीस वर्षं पाहुण्यांना डोंगरात शिकारीला नेत होता. त्याचा परवाना गेला असता, बंदूक गेली असती, डोंगरात पाऊल टाकायची बंदी झाली असती. गावात तो उरला असता, पण क्लेल रॅडिगन म्हणून नाही. ऑरिननं त्याला सहा महिने दिले, स्वतः जाऊन कबूल कर म्हणून. ते सहा महिने सोमवारी संपत होते.

"हे लॉयलला सांगितलंस?" आर्डिसनं नोरीनला विचारलं होतं.

"मला वाटलं, अपघाताशी त्याचा काय संबंध?"

बुधवारी सकाळी, दफनाआधी दोन तास, आर्डिस मैदानावर क्लेलला भेटली. तो शेडमधल्या खुर्च्या चर्चला न्यायला गाडीत भरत होता. शेर्स्टीनं तिला दारापर्यंत सोडलं आणि मागे थांबली.

"आर्डिसबाई," तो अदबीनं म्हणाला. "वाईट झालं. पोरीचा दोष म्हणून नाही म्हणत मी. शिकवणाऱ्याचाही असतो."

"माझ्यावर बोलतोस होय?"

"तुमचं वय झालं. मी म्हणालो होतो तिला, वर्ग सोडू नकोस."

"चुकलंच," आर्डिस म्हणाली, आणि तिला असं नमतं घेताना कुणी ऐकलं असतं तर सावध झालं असतं. क्लेल झाला नाही. "मला एवढंच कळत नाही. तू तर शिकवणारा. डबी तासभर तुझ्यासमोर होती. तुला आधी काही वावगं दिसलं नाही?"

"बाहेरून काय दिसणार? उघडून बघितली मी, पोरीचं कौतुक म्हणून. सुबक काम होतं. वीसच्या वीस, एका रांगेत, दात लावल्यासारखी. मनात म्हटलं, शिकली की."

"वीसच्या वीस," आर्डिस म्हणाली.

"खण न् खण भरलेला."

"बरं वाटलं ऐकून," ती म्हणाली आणि वळली. जिन्याला तीन पायऱ्या होत्या. चौथी आहे समजून टाकलेला पाय जमिनीवर आपटला आणि तिचा तोल गेला. क्लेलनं तिचा दंड धरून तिला सावरलं. हात मजबूत होता, उबदार होता. त्यानं लगेच सोडला नाही.

"जपून, आर्डिसबाई," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्हाला नीट दिसत नाही वाटतं. असल्या डोळ्यांनी दारूचे डबे हाताळता? लॉयलला ठाऊक आहे हे?"

६

दफनानंतर सगळे चर्चच्या तळघरात जेवायला बसले. लांब टेबलांवर पांढरे कागद अंथरले होते. बटाट्याच्या पातळ पोळ्या, हॅम, सात प्रकारच्या जेली, कॉफीचे मोठे पिंप. माणसं हळू बोलत होती. शेर्स्टी भिंतीशी उभी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

आर्डिसनं लॉयलला आपल्यासमोर बसवलं, क्लेलला त्याच्याशेजारी. एमेट न बोलावता तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिनं पर्समधून रायफलीची एक रिकामी पुंगळी काढली, एक पितळी चमचा आणि दारूचा डबा.

"काकू, चर्चमध्ये?" लॉयल म्हणाला.

"दारूच आहे, लॉयल, सैतान नाही. कुणी काडी ओढू नका म्हणजे झालं. हा डबा एमेटनं वाचलाय. पट्टीवर लिहिलेली तीच ही दारू. हा चमचा एका काडतुसाच्या मापाचा. क्लेल, माझी नात चुकली म्हणतोस ना? कशी चुकली ते सगळ्यांना दाखव. तू शिकवणारा. एका पुंगळीत दोनदा भर."

"ही काय वेळ आहे, आर्डिसबाई?"

"हीच आहे. उद्या तिच्यावर आरोप ठेवणार आहेत."

आसपासची बोलणी थांबली. कुणीतरी कॉफीच्या पिंपाचा नळ बंद केला. क्लेलला चमचा उचलावाच लागला. पहिलं माप त्यानं घातलं. मंद दारूचे कण लांबट असतात, शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखे. ते पितळेत सळसळत उतरले. त्यानं दुसरा चमचा भरला आणि हात हवेत थांबला.

"घाल की," आर्डिस म्हणाली.

तो घालत नव्हता. लॉयलनं त्याच्या हातातला चमचा घेतला आणि स्वतः ओतला.

आर्डिसला ते दिसलं नाही. तिला ऐकू आलं. कागदावर दाणे पडत होते, पडतच होते. टेबलाच्या कडेवरून घरंगळून फरशीवर गेले.

"पहिल्यालाच पुंगळी गळ्यापर्यंत येते," ती म्हणाली. "या दारूचं दुसरं माप त्यात मावतच नाही, लॉयल. ओघळतं. आंधळ्यालाही कळतं, मला कळलं तसं. होय, मला दिसत नाही. क्लेलनं सांगायच्या आधी मीच सांगते. आता मला हे सांगा, ज्याला तीस वर्षं हे ठाऊक आहे, त्यानं दोनदा भरली असं लिहून का दिलं?"

क्लेल हसला. "बोलण्यात चूक झाली. मग दुसरी दारू घातली असेल तिनं. तुम्हीच डबा दिला असेल चुकीचा."

"तेच मलाही वाटलं. कालपर्यंत तसंच वाटत होतं." आर्डिसनं उडवलेली ती पुंगळी टेबलावर उभी केली. "ऑरिननं पोरीला वीस पुंगळ्या दिल्या. ही त्यातली पहिली. आमच्या घरी दुसऱ्यासाठी भरलं, तर पहिलं भरणारा स्वतः उडवतो, म्हणून डबीत कोपऱ्यातला खण रिकामा राहतो. तो रिकामा खण ऑरिननं शनिवारी सकाळी बघितला आणि हसला. एमेटनंही बघितला. डबीत एकोणीस होती. नाश्त्याच्या वेळी क्लेलनं बघितली तेव्हा वीस झाली होती. त्यानं मला आज सकाळी सांगितलं, खण न् खण भरलेला. माझी नात दारात उभी होती, तिनंही ऐकलं. ऑरिननं एक उडवली, उरली एकोणीस. लॉयल, तुझ्या कपाटात एकोणीस आहेत, माझ्या बरणीतली ही एक. वीस झाली. मग रायफल फुटली ती एकविसावी पुंगळी कुणाची?"

लॉयलनं मोजलं. त्याचे ओठ हलत होते, रविवारच्या शाळेतल्यासारखे.

"तू खिशात एक घेऊन आलास बदलायला," आर्डिस क्लेलला म्हणाली. "झाकण उघडलंस तर कोपऱ्यातच जागा. तुला वाटलं पोरगी एक भरायची विसरली. बदलायची गरजच नाही, नुसती ठेवायची. उजव्या हाताच्या माणसाचा हात पहिला तिथंच जातो. आणि उरलेली मोजली तर हिशोब बरोबर. दुसऱ्या कुणाच्याही डबीत तो बरोबरच आला असता."

क्लेल तिच्याकडे बघत होता. बाजूला सांडलेल्या दारूवर त्याची बोटं हलत होती, एकेक दाणा गोळा करत. सवयीनं.

"तुमच्या घरात असला नियम आहे," तो शेवटी म्हणाला, "हे मला कधी कुणी सांगितलं नाही."

"तुझ्याच वर्गात बसली होती पोरगी चार रविवार," आर्डिस म्हणाली. "तू तिला शिवणाचं विचारलंस."

लॉयल उभा राहिला. खुर्चीचे पाय फरशीवर घासले. क्लेलच्या गाडीतल्या पेटीत तसल्याच आणखी चार पुंगळ्या आणि छऱ्याच्या दारूचा डबा सापडला, पण ते सगळं नंतरचं. तेव्हा आर्डिसला एवढंच कळलं, की भिंतीशी कुणीतरी चालत गेलं, जड बुटांनी, आणि रिकाम्या खुर्चीवर बसलं. मग शेर्स्टीचं हुंदके देत रडणं ऐकू आलं, आणि एमेटचं.

७

नोव्हेंबरात शेर्स्टीनं पुन्हा बाकाला हात लावला. त्याआधी तीनदा ती जिन्यावरून परत फिरली होती. एमेटला वडिलांच्या जागी हंगामातल्या शेवटच्या हरणाच्या शिकारीला जायचं होतं, आणि दुकानातली काडतुसं त्यानं घेतली नाहीत.

"तू भर," तो म्हणाला होता. एवढंच.

आर्डिस स्टुलावर बसली. जुन्या दारूचा डबा तिनं लॉयलकरवी नेऊन टाकला होता. कपाटात आता एकच उरला होता. तरी ती म्हणाली, "मोठ्यानं वाच."

शेर्स्टीनं वाचलं. मग दोन तास कुणी बोललं नाही. प्रेसचा दांडा खाली जाई, वर येई. आर्डिस प्रत्येक खेप कानानं मोजत होती.

पहिलं काडतूस घेऊन तिघं ओढ्याच्या काठी गेली. बर्फ गुडघ्याएवढा होता. एमेट पुढे झाला. म्हणाला, "मी उडवतो."

"मागे हो," आर्डिस म्हणाली. "ज्यानं भरलं त्यानं."

शेर्स्टीनं रायफल उचलली. तिचे दात वाजत होते, थंडीनं किंवा कशानं. तिनं गाल टेकवला. आर्डिसला पुढचं काही दिसत नव्हतं, नुसता पांढरा उजेड होता, आणि त्यात कुठंतरी तिची नात होती. ती श्वास धरून कान देऊन उभी राहिली.

आवाज आला आणि गेला. डोंगरापर्यंत गेला, तिथून परत आला. बाहेर गेलेला आवाज.

बर्फात काहीतरी चुरचुरलं. शेर्स्टी वाकली, आणि मग आर्डिसच्या तळहातावर एक गरम पुंगळी येऊन पडली. तिनं मूठ मिटली. घरी पोचेपर्यंत ती उघडली नाही.